न्यूट्रल सापडत नाही, डॉक्टर

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला वाहन चालवण्याचा परवाना काढायचा किंवा त्याचे नूतनीकरण करायचे असेल, तर ‘नमुना १-अ’ हे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. पंचावन्नाव्या वर्षानंतर परवाना एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतो, त्यामुळे आमच्या कृष्णाकाठच्या गावात हा कागद घेऊन येणाऱ्यांत साठीच्या पुढचे लोक बरेच असतात. दृष्टी पाहावी, रंग ओळखायला सांगावे, फिट येते का, चक्कर येते का हे विचारावे आणि सही करावी. खरे सांगायचे तर पाच मिनिटांच्या वर वेळ या कामाला मी पूर्वी कधी दिला नव्हता.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एक निवृत्त शिक्षक हाच कागद घेऊन आले. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते, मीही म्हणतो. वय ६७. उजव्या पायाला लहानपणी पोलिओ झालेला. तो पाय काठीसारखा बारीक, गुडघ्यातून लुळा. डाव्या पायाच्या जोरावर त्यांनी पस्तीस वर्षे नोकरी केली. गेली चौदा वर्षे मधुमेह आहे आणि गोळ्या माझ्याच चालू आहेत. त्यांची गाडी म्हणजे तीन चाकांची मोटारसायकल. आपल्याकडे अपंग व्यक्तींसाठी बहुधा स्कूटरला दोन्ही बाजूंनी जादा चाके जोडतात. गुरुजींच्या गाडीचे मात्र मागचे चाकच काढून त्या जागी आडव्या दांड्यावर दोन चाके बसवलेली होती आणि उजव्या पायाचा ब्रेक हातात घेतलेला होता. गिअर डाव्या पायात, जसा मोटारसायकलला असतो तसा. डावा पाय धडधाकट, म्हणून ही रचना त्यांना पंधरा वर्षे पुरली. अशा वाहनाला कायद्यात पूर्वी ‘इनव्हॅलिड कॅरेज’ असा जीवघेणा शब्द होता. २०१९च्या दुरुस्तीने तो जाऊन ‘अ‍ॅडॅप्टेड व्हेइकल’ आला. शब्दाने वाहन बदलत नाही, पण त्यावर बसणाऱ्याला बरे वाटते हे मी पाहिले आहे.

गुरुजींच्या आधी त्यांच्या मुलाचा पुण्याहून फोन आलेला होता. आठवडी बाजारात गुरुजी गाडी थांबवून काकूंना खाली उतरू देत होते. इंजिन चालू होते. गाडी न्यूट्रलमध्ये आहे अशा समजुतीने त्यांनी क्लच सोडला आणि गाडीने हातभर उडी मारली. एका बाईची टोमॅटोची पाटी उलटली. काकूंचा एक पाय जमिनीवर आणि एक फूटरेस्टवर होता. त्या पडल्या नाहीत, हे नशीब. “डॉक्टर, तुम्हीच सांगा बाबांना. माझं ऐकत नाहीत. सही करू नका म्हणजे प्रश्नच मिटला,” असे मुलगा म्हणाला. त्याचे म्हणणे मला पटले.

मी रक्तदाब पाहिला, डोळ्यांचा तक्ता वाचून घेतला, साखर विचारली. मग खुर्ची जवळ ओढून, आम्ही डॉक्टर वापरतो त्या समजुतीच्या आवाजात म्हणालो, “गुरुजी, वय झालं आता. गाडी राहू द्या.”

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. “वय झालं असतं तर सगळ्याच गिअरना झालं असतं, डॉक्टर. पहिला पडतो, दुसरा पडतो, तिसरा-चौथा पडतो. न्यूट्रल तेवढं सापडत नाही. न्यूट्रललाच का?”

मला उत्तर देता आले नाही. वर्गात शिक्षकाने प्रश्न विचारावा आणि आपण छताकडे पाहावे तसे झाले. मी सही केली नाही, पण नकारही दिला नाही. “आठवडाभरानं या,” म्हणालो.

ज्या वाचकांनी कधी गिअरची गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे, कारण पुढची सगळी गोष्ट या न्यूट्रलवरच उभी आहे. गुरुजींच्या गाडीत पहिला गिअर खाली दाबून पडतो आणि दुसऱ्यापासून पुढचे पायाने वर उचलून पडतात. न्यूट्रल हे पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे असते. बाकीच्या गिअरना पायरी पूर्ण चढावी लागते, न्यूट्रलला अर्धीच. आतमध्ये खाचा असलेली एक चकती असते आणि स्प्रिंगवरची एक छोटी चकली त्या खाचांत बसते. न्यूट्रलची खाच उथळ असते. जोर जास्त झाला की चकली ती खाच ओलांडून पुढच्या खाचेत जाते. म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा हे गिअर जोराने टाकता येतात. न्यूट्रल जोराने टाकता येत नाही, ते पायाला जाणवावे लागते. काही गाड्यांत सगळे गिअर एकाच दिशेने पडतात आणि न्यूट्रल अगदी टोकाला असते. तिथे हा प्रश्न सहसा येत नाही. जुन्या बुलेटच्या गिअरपेटीला तर न्यूट्रल शोधण्यासाठी एक वेगळा छोटा दांडाच असे. क्लच धरून तो टाचेने दाबला की दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या कुठल्याही गिअरमधून गाडी थेट न्यूट्रलवर येई. त्या काळच्या कारागिरांना माणसाच्या पायाची मर्यादा ठाऊक होती असे म्हणायला हवे.

रविवारी दवाखाना बंद असतो. मी गुरुजींच्या घरी गेलो आणि त्यांच्या मिस्त्रींनाही तिथे बोलावून घेतले. एखाद्या रोग्याच्या तपासणीला मिस्त्रींना बोलावण्याची ही माझी पहिलीच वेळ. साठीतला अबोल माणूस. त्यांनी गाडी चालू केली, कान लावला, आणि क्लचची लिव्हर दोन बोटांनी हलवून पाहिली. लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल हवी. इथे ती जवळजवळ दुप्पट होती. याचा अर्थ गुरुजी लिव्हर पूर्ण दाबत असले तरी क्लच पूर्ण सुटत नव्हता. क्लचच्या प्लेटा एकमेकींना थोड्या घासतच राहत होत्या, इंजिनाचा ओढा गिअरवर कायम होता, आणि ओढ्याखाली अडकलेला गिअर आपल्या जागेवरून सुटायला तयार नव्हता. उभ्या गाडीत न्यूट्रल न सापडण्याचे हे सर्वांत मोठे कारण असते, असे मिस्त्री म्हणाले. त्यांनी केबल काढली. ब्रेकसाठी हँडलवर जी जादा केबल आणली होती, तिच्याबरोबर क्लचची केबल कुणीतरी प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधून टाकली होती. त्या ठिकाणी ती काटकोनात वाकली होती आणि आतल्या तारेचे तीन धागे तुटले होते.

मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून हाताची मुख्य नस जाते. तिथे ती दाबली गेली की रात्री बोटांना मुंग्या येतात, पकड कमी होते. मधुमेही माणसांत हे जास्त दिसते. वाकलेल्या वेष्टणात अडकलेली ती तार पाहून मला माझे निम्मे रुग्ण आठवले, आणि मी गुरुजींना तिथेच विचारले, “रात्री हात झटकावा लागतो का?” लागत होता. डाव्याच हाताला जास्त. चौकातल्या सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही म्हणून पूर्ण वेळ क्लच दाबून धरायचा, काकू चढेपर्यंत दाबून धरायचा, रेल्वेच्या फाटकाशी दाबून धरायचा. गाडीचा एक दोष हाताच्या नसेवर येऊन बसला होता.

मिस्त्रींनी नवी केबल टाकली, तिला ऐसपैस वळण दिले, मोकळी चाल जुळवली. इंजिनाची रेस बंद पडू नये म्हणून वाढवून ठेवली होती, ती उतरवली. रेस चढलेली असली की घासणाऱ्या प्लेटांचा ओढाही वाढतो. ऑइल काळेकुट्ट आणि दाट झालेले होते, ते बदलले. मिस्त्रींनी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच, मोटारसायकलचे ऑइल आणले. मोटारीचे ऑइल उरले आहे म्हणून दुचाकीच्या क्लचमध्ये घालू नये, असे ते मला बजावून सांगत होते. मी मान डोलावली, जणू मी ते करणारच होतो. शेवटी त्यांनी मीटरच्या चौकटीतला एक बल्ब बदलला. न्यूट्रलचा हिरवा दिवा किती वर्षे बंद होता हे गुरुजींनाही आठवत नव्हते. दुरुस्तीच्या एवढ्या यादीत हा सर्वांत स्वस्त भाग होता, आणि बाजारातला तो प्रसंग कदाचित त्यानेच टळला असता.

मग मिस्त्री गाडीवर बसले. पायाच्या एका हलक्या उचलीत हिरवा दिवा लागला. उतरले, गुरुजींना बसवले. गुरुजींनी उचलले, गाडी दुसऱ्यात. दाबले, पहिल्यात. पुन्हा दुसऱ्यात. सात-आठ वेळा झाले. त्यांच्या कपाळावर घाम आला. दारात उभ्या असलेल्या काकू आत निघून गेल्या.

मिस्त्रींनी हात पुसत माझ्याकडे पाहिले. “डॉक्टरसाहेब, माझ्या पायानं पडतंय. गुरुजींच्या पायानं नाही. आता पुढचं काम तुमचं.”

मी गुरुजींना ओट्यावर बसवून डावा बूट काढायला सांगितले. हे वाक्य लिहिताना मला संकोच वाटतो, कारण चौदा वर्षांत मी त्यांना हे अगदी मोजक्या वेळा सांगितले होते, आणि गेल्या दोन वर्षांत एकदाही नाही. उजव्या पायाकडे सगळ्यांचे लक्ष असे. डावा ‘चांगला’ होता.

मोज्याला अंगठ्याच्या वरच्या बाजूला तपकिरी डाग होता. मोजा काढला. अंगठ्याच्या पाठीवर, जिथे गिअरचा दांडा उचलताना घासतो नेमक्या त्या जागी, रुपयाएवढी जखम होती, कडा पांढऱ्या पडलेल्या. गुरुजींनी वाकून पाहिले आणि विचारले, “हे कधी झालं?” त्यांना खरोखरच माहीत नव्हते. दुखत नव्हते म्हणून माहीत नव्हते.

पुढच्या तपासण्या दवाखान्यात केल्या. १२८ हर्ट्झचा चिमटा कंप पावत असताना अंगठ्याच्या हाडावर टेकवला. हा आवाजाचा चिमटा आम्ही कानासाठी वापरतो असे लोकांना वाटते, पण पायाच्या संवेदनेसाठी तो तितकाच उपयोगी असतो. गुरुजींना कंप कळला नाही. घोट्यावर थोडा कळला, गुडघ्यावर स्पष्ट. १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा जाड धागा तळव्यावर टेकवला, तो चारपैकी एकाच ठिकाणी जाणवला. मग डोळे मिटायला सांगून मी त्यांचा अंगठा बाजूंनी धरला, थोडा वर नेला, थोडा खाली. “वर की खाली?” मोठी हालचाल त्यांनी बरोबर सांगितली. बारीक हालचालीला मात्र ते गप्प राहिले, मग म्हणाले, “तुम्ही हलवलाच नाही.” मी तीन वेळा हलवला होता.

न्यूट्रललाच का, याचे उत्तर इथे होते. सांधा किती वाकला आहे, पाय किती उचलला गेला आहे हे आपल्याला न बघता कळते, ते स्नायू आणि सांध्यांतून येणाऱ्या बारीक संदेशांमुळे. मधुमेह जुना झाला की सर्वांत लांबच्या नसा, म्हणजे पावलांच्या, आधी खराब होतात. गुरुजींचा पाय पूर्ण पायरी चढू शकत होता. अर्धी पायरी त्याला कळत नव्हती. त्यांची तीन महिन्यांची साखर वाढलेली निघाली, आणि त्यांना वर्षानुवर्षे दिलेल्या मेटफॉर्मिनने कमी होऊ शकते ते बी-१२ जीवनसत्त्वही कमी निघाले. हे मी आधी तपासायला हवे होते. जिल्ह्याच्या ठिकाणी नसांची तपासणी करून घेतली, कारण ज्यांना लहानपणी पोलिओ होऊन गेला आहे त्यांना अनेक दशकांनी नव्याने अशक्तपणा येऊ शकतो, तोही चांगल्या समजल्या जाणाऱ्या पायात. भारतात नैसर्गिक (वन्य) विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये सापडला. तरुण डॉक्टरांनी हा आजार प्रत्यक्ष पाहिलेला नसतो, आणि त्यातून वाचलेली पिढी मात्र आता साठी-सत्तरीत आपल्यासमोर येऊन बसते. गुरुजींच्या बाबतीत दोष मुख्यतः मधुमेहाचाच निघाला.

गाडी सहा आठवडे बंद. जखमेवर दाब येता कामा नये, हा तिचा अर्धा उपचार असतो. मुलाला वाटले प्रश्न मिटला. त्या सहा आठवड्यांत काय झाले ते काकूंनी मला सांगितले. गुरुजी सकाळी सातला तयार होऊन ओट्यावर बसत. वाचनालय दोन किलोमीटरवर, बँक दीड, काकूंची गुडघ्याच्या शेकाची फेरी आठवड्यातून दोनदा. रिक्षाचे पैसे होते. रिक्षात चढताना उजवा पाय दुसऱ्या कुणीतरी उचलून आत ठेवावा लागे, तो परक्या माणसाच्या हातात देणे त्यांना जमत नव्हते. दुसऱ्या आठवड्यापासून ते वाचनालयात जायचे थांबले. तिसऱ्या आठवड्यात जेवण कमी झाले. काळजी घेणारे आपण सगळे ‘गाडी बंद’ हे शब्द फार सहज उच्चारतो.

मात्र मी भावनेपोटी सही करणार नव्हतो. न कळणाऱ्या पायाने गिअर चालवणे हा धोका खराच होता. मिस्त्रींशी दोन वेळा बोलणे झाले आणि तोडगा त्यांच्याकडून आला. गुरुजींच्या गाडीला गिअरचा दांडा फक्त पुढच्या बाजूला, बोटांनी उचलायचा होता. त्याऐवजी पुढे-मागे दोन टोके असलेला दांडा बसवला. आता वरच्या गिअरसाठी टाचेने मागचे टोक दाबायचे, खालच्यासाठी पुढचे टोक चवड्याने दाबायचे. बोटे आणि अंगठ्याची पाठ यांचे काम संपले. टोकांना जाड रबर चढवले. ज्यांचा घोटा वर उचलत नाही, पाऊल लोंबते, त्यांनाही अशा दांड्याचा उपयोग होतो. (पायावर पाय टाकून तासन्‌तास बसणाऱ्या बारीक अंगाच्या वृद्धांत गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला नस दाबली जाऊन पाऊल लोंबू लागते. घरात कुणी असे बसत असेल तर टोका.)

राहिली न्यूट्रल टाकण्याची रीत. पाय सांगत नसेल तर डोळ्याने विचारायचे, हे आम्ही ठरवले. न्यूट्रल गाडी पूर्ण थांबल्यावर शोधायचे नाही. गाडी हळू होत असताना, चाके अजून फिरत असताना, दुसऱ्या गिअरमधून चवड्याने अगदी हलकेच दाबायचे. चाके फिरत असताना आतले दाते मोकळे असतात आणि सहज सुटतात. दोन चाकांच्या गाडीवरचा माणूस उभ्या गाडीत न्यूट्रल अडले तर दोन्ही पायांनी गाडी थोडी पुढे-मागे हलवतो आणि दाते सुटतात. तीन चाकांच्या जड गाडीवर, एका पायाने, हे होत नाही. तिथे थांबण्याआधीच काम उरकले पाहिजे. तरी राहिलेच, तर ब्रेक घट्ट धरून क्लच किंचित सोडावा, गाडीला ओढ जाणवली की लगेच पुन्हा पूर्ण दाबावा आणि मग पाय लावावा. तेवढ्याने दात्यांवरचा ओढा मोडतो. पण पकड कमकुवत असलेल्यांनी हे करू नये. सरळ किल्ली फिरवून इंजिन बंद करावे आणि गिअर शांतपणे जुळवावा. मागून हॉर्न वाजतील, वाजू द्यावेत. हिरवा दिवा लागला तरी ब्रेक न सोडता क्लच सावकाश सोडायचा. दिव्याचे बटण गिअरपेटीत असते, तेही झिजते. आणि माणूस गाडीवर चढत किंवा उतरत असताना इंजिन बंद. हा नियम मी काकूंच्या समोर सांगितला, कारण पाळून घेण्याचे काम त्यांचे होते.

आणखी एक गोष्ट फक्त तीन चाकांच्या गाडीची. ती कलत नाही, पडत नाही, म्हणून उतारावर न्यूट्रलमध्ये तशीच सोडून लोक उतरतात. दुचाकीला निदान स्टँड लावावाच लागतो. उभे करण्याचा ब्रेक लावावा, इंजिन बंद करून पहिला गिअर टाकून ठेवावा.

हातासाठी त्यांना रात्री मनगटाला पट्टा दिला. क्लचची लिव्हर मुळाशी न धरता टोकाकडे धरायला सांगितले, तिथे जोर कमी लागतो. नवी केबल आणि सिग्नलला मोकळा झालेला हात यांनी मुंग्या बऱ्याच कमी झाल्या. बी-१२ची इंजेक्शने आणि बदललेली मधुमेहाची औषधे चालू आहेत. गेलेली संवेदना सगळी परत येईल असे मी त्यांना सांगितलेले नाही. आहे ती टिकावी, एवढा प्रयत्न आहे.

घरात मधुमेही वृद्ध असतील त्यांनी एवढे पाहावे. चालताना चप्पल पायातून निसटते आणि त्यांना ते कळत नाही, असे होते का? अंधारात, किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का? बुटात खडा दिवसभर राहिला आणि संध्याकाळी सापडला, असे कधी झाले का? शिवणयंत्राचा पायटा, मोटारीचा क्लच, जिन्याची शेवटची पायरी यांचा अंदाज चुकू लागला आहे का? यातले काहीही असेल तर पावलांची तपासणी करून घ्यावी. रोज रात्री पाय पाहावेत, वरून, खालून, बोटांच्या मधे. स्वतः वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा घरातल्या कुणी पाहावे. आणि डॉक्टरकडे गेल्यावर त्यांनी सांगितले नाही तरी बूट-मोजे काढावेत. डॉक्टरला घाई असते. माझ्याबद्दलच बोलतो आहे.

गाडी खरोखर थांबवायची वेळ कोणती, असे मला बऱ्याच मुला-सुनांकडून विचारले जाते. साखर अचानक उतरून भान जात असेल, मागच्या काही महिन्यांत शुद्ध हरपली असेल, ओळखीच्या रस्त्यावर माणूस गोंधळत असेल, नजर अपुरी असेल, तर त्याच दिवशी. त्यात चर्चा नको. पाय किंवा हात कमी पडत असेल तर आधी पाहावे की नेमके काय कमी पडते आहे, आणि ते काम दुसऱ्या अवयवाकडे देता येते का. गुरुजींचा घोटाही कळेनासा झाला की गिअरची गाडी सोडायची आणि बिनगिअरची घ्यायची, असे आमचे बोलणे झाले आहे. तिथे न्यूट्रलचा प्रश्नच नाही. पण चालू गाडीची मूठ नुसती हात टेकवताना फिरली तरी ती पुढे झेपावते, म्हणून थांबल्यावर किल्ली बंद करण्याची सवय तिथेही लागेल. असा प्रत्येक बदल परिवहन कार्यालयात नोंदवून नोंदणीपुस्तकावर आणावा लागतो. अपघात झाला तर विम्याचा दावा त्यावरून अडू शकतो.

सहा आठवड्यांनी जखम भरली. सातव्या आठवड्यात शाळेच्या मोकळ्या मैदानावर, मिस्त्री आणि मी पाहत असताना, गुरुजींनी वीस फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीला थांबून न्यूट्रल. पहिल्या फेऱ्यांत चार वेळा चुकले. शेवटच्या दहांत एकदाही नाही. मुलगा पुण्याहून आला होता, तो भिंतीपाशी उभा होता. काही बोलला नाही. नंतर त्याने मिस्त्रींना केबलचे पैसे विचारले, आणि गुरुजींनी त्याला ते देऊ दिले नाहीत.

नमुना १-अ वर मी सही केली. त्याच्याबरोबर एक वेगळा कागद गुरुजींना दिला, दर तीन महिन्यांनी पायाच्या तपासणीला येण्याचा. ते येतात. दवाखान्यासमोर गाडी हळू होते, हिरवा दिवा लागतो, इंजिन बंद होते, मग काकू आपल्या सवडीने उतरतात. गुरुजी कुबडी घेऊन आत येतात आणि मी मान वर करीपर्यंत डावा बूट काढून बसलेले असतात.